वऱ्हाडचा कापूस आणि ल लोक्लची घड्याळे

अमेरिकेतील यादवी युद्ध 1861 साली पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचे डोळे ज्या काळ्या जमिनीकडे वळले, त्या जमिनीत आजचा यवतमाळ जिल्हा ज्यात मोडतो तो मुलूखही होता. निजामाशी झालेल्या 1853 च्या तहनाम्याने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले होते. त्याचा आग्नेय भाग 1864 साली स्वतंत्र जिल्हा म्हणून वेगळा काढण्यात आला, पुढे वणीच्या कसब्यावरून त्याला वणी जिल्हा म्हणू लागले, आणि 1905 च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला जाऊन यवतमाळ जिल्हा हे नाव दफ्तरी कायम झाले. कापसाच्या या तेजीचा पैसा गावोगावच्या अडत्यांच्या हातून मुंबईस वाहत गेला, तेथे त्याने शेअरबाजाराचे वेड पेटविले, आणि युद्ध संपताच 1 जुलै 1865 रोजी तो सारा डोलारा कोसळला. त्याच 1865 साली स्वित्झर्लंडच्या ज्यूरा पर्वतातील ल लोक्ल या गावचे, तोवर सव्वाशे वर्षांहून अधिक जुने झालेले एक घड्याळजी घराणे हिंदुस्थानच्या बाजारपेठेत उतरले. त्या घराण्याचे नाव फेवर-लुबा.

आज जुन्या घड्याळांच्या संग्राहकांमध्ये स्विस घराण्यांविषयी जी ओढ दिसते, तिचा विचार बहुधा जिनीव्हाच्या लिलावांपासून सुरू होतो. पाटेक फिलिपचे एक मनगटी घड्याळ 2019 साली जिनीव्हात 3 कोटी 10 लाख स्विस फ्रँकांस विकले गेले, ही वार्ता सर्वांच्या मुखी असते, आणि ऐकणाऱ्यास सहजच वाटते की स्विस घड्याळाचे ऐश्वर्य म्हणजे हा आकडाच. मला हा आरंभबिंदू चुकीचा वाटतो. ज्या घराण्याने आपल्या मुलखातील माणसांच्या मनगटावर आणि खिशात शंभर वर्षे वास केला, त्याची घड्याळे वऱ्हाडातील संग्राहकाने वऱ्हाडच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिली पाहिजेत; आणि त्या दृष्टीने फेवर-लुबाइतके अर्थपूर्ण दुसरे घराणे मला दिसत नाही.

या घराण्यातील आब्राम फाव्र (आपल्याकडे रूढ झालेला उच्चार फेवर) या कारागिराची घड्याळजी म्हणून अधिकृत दफ्तरात पहिली नोंद सापडते ती 1737 सालची. त्या काळी पुण्यास थोरले बाजीराव पेशवे कारभार पाहत होते. ज्यूराच्या उंच खोऱ्यांत वर्षाचे कित्येक महिने बर्फ पडून राही, शेती थांबे, आणि कुटुंबेच्या कुटुंबे खिडकीच्या उजेडाला बसून घड्याळाचा एकेक भाग घडवीत. कुणी चाके कापी, कुणी स्क्रू, कुणी काटे, आणि हे सारे भाग गोळा करून जुळविणारा व्यापारी त्यावर आपले नाव घाली. पिकाविना जाणाऱ्या ऋतूने तेथे शेतकऱ्याच्या हाती असा सूक्ष्म धंदा दिला. आमच्याकडे मात्र पऱ्हाटी उपटल्यानंतरचे रिकामे महिने मजुराला गावाबाहेर घेऊन जातात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फाव्र घराण्याला ओग्युस्त लुबा हा भागीदार मिळाला, फाव्र आणि लुबा ही नावे जोडली गेली, 1855 साली दोन्ही घराण्यांत विवाहसंबंध जुळला, आणि आठ पिढ्यांपर्यंत हा कारभार कुटुंबातच राहिला. ल लोक्ल आणि शेजारचे ला शो-द-फाँ ही दोन्ही गावे घड्याळाच्या धंद्यासाठीच आखलेली म्हणून 2009 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतली. याच ल लोक्लमध्ये 1865 सालीच जॉर्ज फाव्र-जाको याने आपला कारखाना काढला, तोच पुढे झेनिथ या नावाने विख्यात झाला.

घड्याळ वऱ्हाडात आले, तेव्हा येथे कालगणना नव्हती असे मुळीच नाही. अहोरात्राच्या साठ घटका, प्रत्येक घटका चोवीस मिनिटांची, तिची साठ पळे, अशी सूक्ष्म व्यवस्था पंचांगात होती आणि लग्नाच्या मांडवात पाण्यावर तरंगणाऱ्या, तळाशी बारीक छिद्र असलेल्या घटिकापात्राने ती मोजलीही जाई. परंतु हा काळ सूर्याशी बांधलेला, म्हणून गावागणिक निराळा होता. इंग्रजी अमलाने तहसील कचेरीच्या खजिन्यावर पहारा बसविला, त्या पहाऱ्यावरचा शिपाई तासातासाला टोले देऊ लागला, आणि कसब्याचे व्यवहार त्या टोल्यांवर चालू लागले. तरीही प्रश्न उरलाच की हे टोले कोणाच्या वेळेचे? यवतमाळ पूर्व रेखांश 78 अंशांच्या किंचित पलीकडे आहे. तेथील सूर्याची सरासरी वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे 21 मिनिटे पुढे, आणि त्या काळी रेल्वे ज्या मद्रास-वेळेवर चालत असे तिच्यापेक्षा आठ-नऊ मिनिटे मागे पडते. मुंबईच्या दुकानात लावून घेतलेले घड्याळ खिशात घालून कुणी अडत्या बडनेऱ्यास उतरला आणि तेथून आपल्या गावी गेला, तर त्याच्या खिशात मुंबईची वेळ, स्टेशनच्या भिंतीवर मद्रासची आणि डोक्यावरच्या सूर्यात गावाची, अशा तीन वेळा एकाच क्षणी नांदत असत. 1 जानेवारी 1906 रोजी हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली आणि हा घोळ बराचसा मिटला. म्हणजे यवतमाळ जिल्ह्याला त्याचे नाव आणि त्याची आजची वेळ या दोन्ही गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने मिळाल्या. प्रमाणवेळेने येथे मध्यान्ह सरासरीने बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी होते. मुंबई शहराने मात्र आपली 39 मिनिटे मागे असलेली स्वतंत्र वेळ 1955 पर्यंत नगरपालिकेच्या घड्याळांत जपली. जुन्या खिशातल्या घड्याळाचा विचार करताना या गोष्टी ध्यानी घेतल्या नाहीत, तर त्याच्या मालकाला घड्याळ कशासाठी हवे होते हेच उमगत नाही.

ते हवे होते प्रथम कापसासाठी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वेचा नागपूर फाटा वऱ्हाडातून जाऊन 1867 साली नागपूरला पोहोचला. खामगावची शाखा 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडली गेली. यवतमाळ मात्र मुख्य मार्गापासून दूरच राहिले, आणि येथील गाठी बैलगाड्यांवर लादून धामणगावच्या स्टेशनास न्याव्या लागत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थेखाली मूर्तिजापूर ते यवतमाळ हा 113 किलोमीटरांचा, अडीच फुटी रुंदीचा लोहमार्ग झाला. लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हटले ती हीच गाडी, जिचे मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेले वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत धावत होते. गाडी आली की वेळापत्रक येते, जिनिंगच्या कारखान्यात भोंगा येतो, तारघरात लिव्हरपूलचा कापसाचा भाव येतो. आणि ज्या मुनिमाला, वकिलाला, मामलेदाराला, स्टेशनमास्तरला या साऱ्यांशी मेळ घालायचा असे, त्याच्या बंडीच्या खिशात साखळीचे घड्याळ येते. वऱ्हाडच्या संग्राहकाला आज जी जुनी घड्याळे सापडतात, त्यांच्या आवरणावर आणि तबकडीवर या सर्व पेशांच्या वापराच्या खुणा असतात.

या घड्याळांची रचना पाहिली की त्यांचा मोह का पडतो हे समजू लागते. सर्वांत जुनी असतात ती किल्लीने चावी देण्याची. नंतरची, डोक्यावरची फिरकी फिरवून चावी देण्याची. तबकडी बहुधा भाजलेल्या पांढऱ्या मिन्याची, आणि मिना हा काचेचाच प्रकार असल्यामुळे शंभर उन्हाळ्यांनंतरही तिचा शुभ्रपणा ढळत नाही. तडा गेला तर केसासारखी एक रेषा पडते एवढेच. आत कमानीच्या पेटीतून निघालेली शक्ती चाकांच्या मालिकेतून लिव्हरच्या पट्टीपर्यंत येते आणि ती पट्टी बॅलन्सच्या चाकाला मोजून मापून धक्का देत राहते. मध्यम प्रतीच्या मशीनमध्येही हे तासाला 18,000 वेळा घडते. ज्या जागी घर्षण अधिक, तेथे माणके बसविलेली असतात, आणि तबकडीवर अभिमानाने छापलेले सतरा ज्वेल्स ते हेच. आमच्या मुलखात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. उष्णतेने हेअरस्प्रिंग मंदावते आणि घड्याळ मागे पडू लागते, म्हणून जुन्या चांगल्या घड्याळांत बॅलन्सचे कडे पोलाद आणि पितळ अशा दोन धातूंचे, मध्ये कापलेले असते, जेणेकरून उष्म्याने ते आतल्या बाजूस वाकून ती त्रुटी भरून काढावी. त्या घड्याळांची झाकणेही दुहेरी, कारण जिनच्या आवारातील कापसाचा तंतू आणि उन्हाळ्यातील धूळ ही तेलाची शत्रू. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरच्या बर्फाळ खोऱ्यातील कारागिराने ही व्यवस्था केली आणि ती वऱ्हाडच्या उन्हात खरी उतरली, याचे मला नेहमी विशेष वाटत आले आहे.

फेवर-लुबा हे या बाजारात एकटेच नव्हते. सँ-तिमियेच्या व्यापाऱ्यांनी मुंबईत 1886 साली वेस्ट एंड वॉच कंपनी उभारली, तिचे सोवार घड्याळ फौजेत आणि रेल्वेत नांदले आणि काटकपणासाठी नावाजले. घोड्यावरून चेंडू खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलोच्या मैदानावर फुटत, त्या तक्रारीतून जेगर-लकूल्त्रचे उलटे फिरविता येणारे रिव्हर्सो 1931 साली जन्मास आले. वर्धा नदीच्या पलीकडे सेवाग्रामात राहणाऱ्या महात्मा गांधींच्या कमरेला झेनिथचे गजराचे घड्याळ होते. ते प्रवासात चोरीस गेले, काही महिन्यांनी चोराने आणून परत दिले, आणि 2009 साली न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींच्या चष्मा, चपला, वाटी आणि ताटलीसह ते 18 लाख डॉलरांस गेले. परंतु राजेरजवाड्यांच्या आणि महापुरुषांच्या घड्याळांची चर्चा पुष्कळ झाली आहे. शाळामास्तराच्या घड्याळाची व्हायची आहे.

स्वातंत्र्यानंतरची दोन दशके हा फेवर-लुबाचा येथील वैभवाचा काळ. खिशातले घड्याळ मागे पडून मनगटी घड्याळ आले होते, आणि सी चीफ, सी किंग ही फेवर-लुबाची पोलादी किंवा सोन्याचा मुलामा दिलेली साधी, देखणी घड्याळे मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या अगदी टोकावर होती. आवाक्याच्या टोकावर म्हणण्याचे कारण असे की ती कुणी सहज विकत घेत नसे, ती मिळत. लग्नाच्या याद्यांत जावयाला अंगठी, घड्याळ आणि सायकल असा शिरस्ता होता, सेवानिवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकाला वर्गणी काढून घड्याळ दिले जाई, मॅट्रिकला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हातावर वडील आपले घड्याळ बांधीत. म्हणून या घड्याळांच्या पाठीवर पुष्कळदा नावे कोरलेली असतात, सप्रेम भेट अशी अक्षरे असतात, तारखा असतात. परदेशी संग्राहक ही अक्षरे दोष मानतो आणि पॉलिश करून काढून टाकतो. आपल्याकडे असे कुणी करू नये असे मला कळकळीने वाटते. एखाद्या कुटुंबाचा एवढा निश्चित, तिथीवार आणि धातूवर लिहिलेला दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल.

याच काळात घराण्याच्या कारागिरांनी आपल्या कल्पकतेचा उच्चांक गाठला. 1962 साली आलेल्या बिव्हुआक या घड्याळाच्या पोटात हवेचा दाब मोजणारी यंत्रणा बसविलेली होती, आणि गिर्यारोहकाला तबकडीच्या कडेवर 3,000 मीटरपर्यंतची उंची वाचता येई. 1968 च्या बॅथीमध्ये पाणबुड्याला खोली दाखविणारा काटा होता. त्याच सुमाराच्या 251 क्रमांकाच्या मशीनमध्ये दोन कमानी दोन पेट्यांत घातलेल्या होत्या, त्यामुळे चावी उतरत आली तरी चाल ढळत नसे, आणि हे सारे तीन मिलिमीटरहूनही कमी जाडीत. सह्याद्रीचे गडकोट पालथे घालणाऱ्यांपैकी कुणाच्या हाती बिव्हुआक असेल तर असेल; यवतमाळच्या पठाराला त्याचे काय काम! संग्राहकाला मात्र आज बिव्हुआक आणि बॅथी हीच दोन घड्याळे सर्वांत दुर्मिळ आणि महाग पडतात.

मग सरकारी धोरण आड आले. परकी चलनाची टंचाई, आयात परवान्यांची चणचण, आणि 1961 साली बंगळुरास जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने सुरू झालेला एच. एम. टी. चा घड्याळ कारखाना, यांमुळे स्विस घड्याळाचा राजमार्ग बंद होत गेला आणि चोरवाटा उघडल्या. या परिस्थितीची साक्ष कायद्यानेच जपली आहे. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 123 व्या कलमात, जप्त झालेला माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर टाकलेला आहे, आणि ज्या थोड्या वस्तूंना हे कलम लागू, त्यांत सोन्याच्या पंक्तीला घड्याळे बसविलेली आहेत. एका काळी मनगटावरचे परदेशी घड्याळ म्हणजे सुवर्णासारखेच लोभाचे आणि संशयाचे धन होते, याचा यापेक्षा निःसंदिग्ध पुरावा नाही. पावती जपून ठेवण्याची जी सवय त्या पिढीला लागली, तिचा लाभ आज आपल्याला होतो. ज्या घड्याळासोबत मुंबईच्या दुकानाची जुनी पावती आणि मूळ डबी मिळते, त्याची किंमत संग्राहक आनंदाने अधिक देतात.

शेवटचा घाव कायद्याने घातला नाही, तो जपानने घातला. 25 डिसेंबर 1969 रोजी सेको कंपनीने टोकियोत क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत चाकांच्या आणि कमानींच्या घड्याळांचा धंदा ज्यूराच्या खोऱ्यांतून जवळपास उखडला गेला. फाव्र कुटुंबाच्या हातून कंपनी गेली, ती अनेकांच्या हाती फिरली, 2011 साली टाटांच्या टायटनने ती विकत घेतली, पुढे 2023 मध्ये ती इथॉस या भारतीय विक्रेत्या कंपनीच्या समूहाकडे आली आणि 2024 साली जिनीव्हात तिची नवी घड्याळे मांडण्यात आली. ज्या घराण्याने एकेकाळी मुंबईत येऊन आम्हाला घड्याळे विकली, त्याची मालकी आज भारताकडे आहे. त्या मधल्या काळातला आपला स्वदेशी एच. एम. टी. चा घड्याळ विभागही 2016 साली बंद झाला, हे विसरून चालणार नाही. आणि आज जनता किंवा पायलट ही एच. एम. टी. ची घड्याळेही संग्राहक त्याच जिव्हाळ्याने शोधतात.

आता या संग्रहाच्या क्षेत्रातील सर्वांत दुःखद गोष्टीविषयी. जगभरच्या संग्राहकांत मुंबई स्पेशल असा एक शब्द निंदेने वापरला जातो. जुन्या फेवर-लुबाची मूळ तबकडी काढून तिच्यावर पिवळा, नारिंगी, हिरवा रंग चढवायचा, नवी अक्षरे छापायची, एकाचे काटे दुसऱ्यास, दुसऱ्याचे मशीन तिसऱ्यास लावायचे आणि परदेशी गिऱ्हाइकास थोडक्या डॉलरांत पाठवायचे, असा हा उद्योग आहे. ज्यांच्या बोटांत हे कसब आहे ते कारागीर सामान्य नव्हेत. कष्टाने पोट भरणाऱ्या त्या माणसांना मी दोष देत नाही. परंतु प्रत्येक रंगविलेल्या तबकडीबरोबर एक साक्ष पुसली जाते. दमटपणाने डागाळलेली, उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी ही खरी. ट्रॉपिकल म्हणून तिचे मोल परदेशातही वाढते. म्हणून घेणाऱ्याने काही खुणा पाहाव्यात. सहाच्या आकड्याखाली स्विस शब्दाची बारीक अक्षरे काठाशी बसलेली आहेत की मध्येच तरंगतात. सेकंदाच्या छोट्या वर्तुळातील रेघा मध्यबिंदूशी मिळतात की नाही. वाळूच्या घड्याळाचे बोधचिन्ह रेखीव आहे की फासलेले. आणि पाठ उघडल्यावर बॅलन्सजवळ कोरलेला मशीनचा क्रमांक आवरणाच्या काळाशी जुळतो की नाही. या चार प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर काचेवरील ओरखड्यांची पर्वा करू नये.

शंभर वर्षांहून जुने घड्याळ 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठविता येत नाही, हेही किल्लीच्या घड्याळांच्या संग्राहकाने जाणून असावे. फेवर-लुबाची वऱ्हाडात आलेली सर्वांत जुनी घड्याळे या मर्यादेच्या कधीच पलीकडे गेली आहेत.

संग्रहापुरते बोलायचे तर खरा आधार अजूनही तालुक्याच्या गावच्या घड्याळजीचाच आहे. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा अशा गावांच्या बाजारपेठेत काचेच्या लहान पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस आता प्रामुख्याने सेल बदलतो आणि पट्टे विकतो; पण त्याच्या खणात, पत्र्याच्या डब्यांत, वडिलांच्या वेळचे जुने बॅलन्स, चाव्या, सुट्या कमानी, मोडक्या तबकड्या असतात. 251 सारख्या मशीनचे नवे भाग आता कोठेही तयार होत नाहीत; एक घड्याळ चालते करण्यासाठी दुसरे मोडावे लागते, आणि कोणते मोडायचे हा निर्णय ज्याने ही मशीने आयुष्यभर उघडली त्याच्याच सल्ल्याने व्हावा. यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने या घड्याळजींच्या जुन्या दुरुस्तीच्या वह्या, ज्यांत गिऱ्हाइकाचा पेशा, गाव, घड्याळाची जात आणि घेतलेली मजुरी यांची नोंद असते, मिळतील तितक्या मिळवून त्यांच्या नकला करून घेतल्या, तर कापूस, कचेरी आणि शाळा यांपैकी कोणत्या पेशाने कोणत्या दशकात घड्याळ बांधले हे तालुकावार मांडता येईल. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी हे काम हाती घेतले पाहिजे.